छेडछाड म्हणजे नेमके काय?

बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत भिंतीवर नियमांचा एक तक्ता असतो. त्यात हमखास एक वाक्य सापडते : ‘उपकरणांशी छेडछाड करू नये.’ वाचताना ते अगदी स्पष्ट वाटते. पण समजा, एखाद्या मुलीने बंद पडलेला विद्युतघट मागून उघडला, आतली सुटलेली तार जोडली आणि तो पुन्हा चालू केला. ही छेडछाड झाली का? दुसऱ्या मुलाने चालू असलेल्या घंटेची पट्टी वाकवून तिचा आवाज बदलला. ही छेडछाड झाली का? आणि तिसऱ्याने काहीच केले नाही, फक्त झाकणाचे स्क्रू काढून आत डोकावून पाहिले, तर?

तीन शिक्षकांना विचारले तर तीन उत्तरे मिळतील. नियम एकच, शब्दही एकच. पण त्या शब्दाची हद्द कोठे संपते यावर एकमत नाही. कायद्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न चांगला परिचित आहे. इंग्लंडमधील कायद्याचे तत्त्वज्ञ हार्ट यांनी १९५८ साली एका लेखात एक साधा नियम विचारार्थ घेतला : ‘बागेत वाहन आणू नये.’ मोटार म्हणजे वाहन, यात वाद नाही. पण सायकल? मुलांची चाकांची खेळगाडी? हार्ट यांचे म्हणणे असे की प्रत्येक शब्दाला अर्थाचा एक पक्का गाभा असतो आणि त्याभोवती एक धूसर पट्टा असतो. भांडणे होतात ती या पट्ट्यात. त्यांना उत्तर देताना अमेरिकेतील फुलर यांनी विचारले, महायुद्धातला एक ट्रक स्मारक म्हणून बागेत चौथऱ्यावर उभा केला, तर तो गाभ्यात धरायचा की पट्ट्यात? फुलर यांना सुचवायचे होते ते हे की नियम कशासाठी केला, हे पाहिल्याशिवाय शब्दाचा अर्थ लागत नाही.

आता आपण जी हकीगत पाहणार आहोत ती याच धूसर पट्ट्यातली आहे. विषय मात्र बाग नाही, व्हिडिओ गेमचे यंत्र आहे. ‘त्यात काय एवढे, खेळणे तर आहे,’ असे वाटेल. पण आपण विकत घेतलेले यंत्र उघडून त्यात बदल करण्याचा आपल्याला किती अधिकार आहे, हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या न्यायालयांत पहिल्यांदा ज्या वस्तूंमुळे गाजला, त्यांत ही खेळणी बरीच पुढे होती.

कुलूप आले ते असे

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे गेम घरोघरी आले. मागच्या खाचेत ‘कॅसेट’ बसवायची आणि खेळायचे. त्यांपैकी बरेचसे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राच्या नकला होत्या. मूळ जपानी यंत्रात कोणाचीही कॅसेट चालत असे. १९८५ साली निन्टेन्डोने आपले यंत्र अमेरिकेत नेले, तेव्हा मात्र त्यात एक कुलूप बसवले. कुलूप म्हणजे दोन चिपा : एक यंत्रात, दुसरी कॅसेटमध्ये. दोन्ही चिपा एकच गणित एकाच वेळी करीत राहतात आणि आकड्यांची एकसारखी माळ तयार करतात. यंत्रातली चिप दोन्ही माळा ताडून पाहते. जुळल्या तर खेळ चालू. न जुळल्या तर ती दर सेकंदाला यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आणि पडदा नुसता लुकलुकत राहतो.

या कुलपामुळे दोन गोष्टी साधल्या. नकली कॅसेटना आळा बसला, आणि निन्टेन्डोची परवानगी व अटी मान्य केल्याशिवाय दुसऱ्या कोणालाही त्या यंत्रासाठी खेळ तयार करता येईना. पहिली गोष्ट चोरीविरुद्धची, दुसरी बाजारपेठेवरच्या ताब्याची. कुलूप एकच, हेतू दोन. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ येथे आहे.

१९९२ साली अमेरिकेतील न्यायालयांनी या संदर्भात तीन महत्त्वाचे निर्णय दिले. अटारी गेम्स कंपनीने कुलपाचा प्रोग्राम सरकारी कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवला होता. तिला न्यायालयाने रोखले. अॅकोलेड कंपनीने मात्र सेगाच्या यंत्राचे खेळ विकत घेऊन त्यांतील प्रोग्राम उलगडून अभ्यासला आणि त्या यंत्राशी आपला खेळ कसा जुळेल एवढेच शोधून काढले. हा रास्त वापर आहे, असे न्यायालय म्हणाले. तिसरे प्रकरण ‘गेम जिनी’चे. हे उपकरण कॅसेट आणि यंत्र यांच्या मध्ये बसे आणि जाता जाता एखादा आकडा बदलून टाकी. खेळाडूला तीन ‘जीव’ मिळायचे तेथे जास्त मिळत. निन्टेन्डोचा खेळ त्यामुळे कायमचा बदलत नाही, त्याची नवी प्रतही होत नाही, म्हणून यात कॉपीराइटचा भंग नाही, असा निकाल लागला.

या तिन्ही निकालांत न्यायालयांनी कृती आणि तिचा हेतू तपासला. कुलूप उघडणे हाच मुळात गुन्हा, असे तोवर कोणताही कायदा म्हणत नव्हता.

१९९६ चा एक शब्द

डिसेंबर १९९६ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या परिषदेत कॉपीराइटविषयीचा एक करार झाला. संगणकामुळे नक्कल करणे फार सोपे झाले होते, आणि लेखक, संगीतकार, प्रोग्राम लिहिणारे यांची चिंता खरी होती. करारात एक कलम आले. त्याचा आशय असा : लेखकांनी आपल्या हक्कांच्या रक्षणासाठी वापरलेले ‘परिणामकारक तांत्रिक उपाय’ कोणी चुकवले, तर त्याविरुद्ध प्रत्येक देशाने पुरेसे कायदेशीर संरक्षण द्यावे.

‘परिणामकारक’ म्हणजे काय, हे करारात सांगितलेले नाही. जो उपाय कोणालाही चुकवता येत नाही तो परिणामकारक म्हणावा, तर त्याला कायद्याच्या संरक्षणाची गरजच काय? आणि जो सहज चुकवता येतो त्याला परिणामकारक तरी कसे म्हणावे? अनेक देशांचे एकमत घडवायचे तर शब्द सैल ठेवावे लागतात. सैल शब्दाला भांडण न होता संमती मिळते; भांडण पुढे ढकलले जाते इतकेच. अमेरिकेने १९९८ साली आणि ऑस्ट्रेलियाने २००० साली आपापले कायदे केले. ऑस्ट्रेलियाचा कायदा मार्च २००१ पासून लागू झाला. त्याची व्याख्या थोडक्यात अशी होती : जे उपकरण आपल्या नेहमीच्या कामकाजात कॉपीराइटचा भंग ‘रोखण्यासाठी किंवा त्याला अटकाव करण्यासाठी’ रचलेले आहे, ते संरक्षक तांत्रिक उपकरण. ते चुकवणारी साधने विकण्यास मनाई.

या ‘रोखणे किंवा अटकाव करणे’ यावर पुढे चार वर्षे वाद चालला.

नागमोडी खाच

वाद समजण्यासाठी आधी यंत्र समजून घ्यायला हवे. सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन’ १९९४ साली जपानमध्ये बाजारात आले. त्याचे खेळ सीडीवर असत. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एका सर्पिल मार्गावर लिहिलेली असते. मार्गाच्या शेजारशेजारच्या फेऱ्यांमध्ये अंतर असते १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ फेऱ्या. लेसरचा ठिपका हा मार्ग न सोडता धावतो.

प्लेस्टेशनच्या अस्सल सीडीवर सुरुवातीच्या भागात हा मार्ग अगदी किंचित नागमोडी केलेला असे. त्या नागमोडीतच चार अक्षरांची एक खूण दडवलेली होती. यंत्र सुरू होताच ती खूण वाचली जाई. सापडली तरच खेळ चाले. संगणकाच्या साध्या सीडी-यंत्राला ही नागमोड माहिती म्हणून दिसतच नाही. ते फक्त तिच्याप्रमाणे लेसर सावरून घेते आणि पुढे जाते. शिवाय कोऱ्या सीडीवर तिची स्वतःची खाच कारखान्यातच पाडलेली असते, ती बदलता येत नाही. त्यामुळे सीडीची नक्कल केली की खेळ पूर्ण उतरतो, पण खूण उतरत नाही. एवढ्या सूक्ष्म लहरीचा असा उपयोग करणाऱ्या अभियंत्यांचे कौतुकच करायला हवे.

पण या खुणेचे आणखी एक वैशिष्ट्य होते. जपान, अमेरिका आणि युरोप यांसाठी ती वेगवेगळी होती. ऑस्ट्रेलियाला युरोपची खूण लागू होती. म्हणजे एखाद्याने जपानच्या दुकानात पूर्ण पैसे मोजून अस्सल सीडी घेतली, तरी ती सिडनीतल्या यंत्रावर चालत नसे. पुन्हा तेच : कुलूप एक, हेतू दोन.

काही कारागिरांनी यावर तोड काढली. यंत्रात एक छोटी चिप डाखायची. यंत्राने खूण विचारली की सीडीच्या आधी ही चिपच योग्य ती चार अक्षरे ‘सांगून’ टाकते. मग नकली सीडी चालते, परदेशातली अस्सल सीडी चालते, आपल्या सीडीची जपून ठेवलेली प्रतही चालते. चिप यांत फरक करीत नाही.

सिडनीचा खटला

सिडनीतील स्टीव्हन्स नावाचा एक माणूस अशा चिपा विकत व बसवून देत असे. नकली सीडीही तो विकत होता, तेव्हा त्याला निरपराध समजण्याचे कारण नाही. पण सोनीने त्याच्यावर भरलेल्या खटल्यात मोठा प्रश्न चिपेचा होता. प्लेस्टेशनचे कुलूप कायद्याच्या व्याख्येत बसते का? बसत असेल तर चिप विकणे बेकायदा, नसेल तर नाही. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगालाही या प्रश्नाचे महत्त्व वाटले आणि न्यायालयाचा साहाय्यक म्हणून त्याने आपले म्हणणे मांडले.

सोनीचा युक्तिवाद साधा होता. नक्कल केलेली सीडी यंत्रावर चालणारच नसेल तर ती करील कोण? म्हणून हे कुलूप भंगाला ‘अटकाव’ करते. उलट बाजूचे म्हणणे असे : कॉपीराइटचा भंग होतो तो नक्कल करताना. कुलूप काम करते ते त्यानंतर, सीडी यंत्रात घातल्यावर. जे घडून गेले त्याला अटकाव कसा होईल?

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. परीक्षेतली ‘कॉपी’ आपण सर्व जाणतो. वर्गात फिरणारा पर्यवेक्षक कॉपी रोखतो. मुलांना लांब लांब बसवले तर अटकाव होतो. आता समजा, पर्यवेक्षक कोणीच नाही, पण उत्तरपत्रिका तपासताना दोन उत्तरे अक्षरशः सारखी आढळली की शून्य गुण दिले जातात. हे कळल्यावर पुष्कळ मुले कॉपीच्या वाटेला जाणार नाहीत. पण तपासनीसाने कॉपी ‘रोखली’ असे म्हणायचे का? रोखणे, अटकाव करणे आणि धाक बसवणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रसायनशास्त्रातला मंदकही अभिक्रिया थांबवतोच असे नाही. पण तो प्रत्यक्ष अभिक्रियेवर काम करतो, तिच्यानंतर नव्हे.

जुलै २००२ मध्ये न्यायमूर्ती सॅकव्हिल यांनी सोनीच्या विरुद्ध निर्णय दिला. भंग होणे अवघड करणारे उपकरण कायद्याला अभिप्रेत आहे, भंग करण्याचा मोह कमी करणारे नव्हे, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता. जुलै २००३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला. व्यवहारात या कुलपामुळे नकला कमी होतात, तेवढे पुरे, असे त्यांना वाटले. शेवटी प्रकरण देशाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयात गेले आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजी सहाही न्यायाधीशांनी एकमताने स्टीव्हन्सच्या बाजूने निर्णय दिला.

त्यांनी दिलेली कारणे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी आहेत. पहिले, या व्याख्येवर पुढे फौजदारी शिक्षाही अवलंबून होती. ज्या शब्दामुळे माणूस तुरुंगात जाऊ शकतो तो शब्द हवा तसा ताणता येत नाही. दुसरे, अर्थ फार सैल घेतला तर कॉपीराइटचे रक्षण होण्याऐवजी त्याचा विस्तारच होईल. ज्यात भंग काहीच नाही, उदाहरणार्थ परदेशातली अस्सल सीडी लावणे, तेही बंद होईल. तिसरे, हा कायदा अनेकांच्या ओढाताणीतून झालेली तडजोड आहे. एका बाजूला जे मिळाले नाही ते न्यायालयाने शब्द ताणून तिच्या पदरात टाकू नये.

निकालानंतर

गोष्ट येथे संपत नाही. अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार कराराच्या अटींप्रमाणे ऑस्ट्रेलियाने २००६ साली कायदा बदलला आणि नवी व्याख्या १ जानेवारी २००७ पासून लागू झाली. आता कामाच्या ‘प्रवेशावर नियंत्रण’ ठेवणारे कुलूपही व्याख्येत आले. सोनीला हवे होते ते बव्हंशी मिळाले. पण खटल्यातल्या वादाचा एक ठळक फायदा ग्राहकांनाही झाला : चित्रपट आणि संगणकीय खेळ यांच्या परदेशात घेतलेल्या अस्सल प्रती चालू न देणारे, म्हणजे बाजारपेठेचे भाग पाडणारे नियंत्रण या संरक्षणातून स्पष्ट शब्दांत वगळले गेले. न्यायालयाने ज्या धूसर पट्ट्यावर बोट ठेवले होते, तेथे संसदेला रेघ आखावी लागली.

इतरत्र तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. इंग्लंडमध्ये २००४ साली जवळजवळ तशाच चिपेच्या खटल्यात सोनी जिंकली. खेळताना यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत जी प्रत तयार होते तीही नक्कलच, असे तेथील न्यायमूर्तींनी मानले. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या एका प्रकरणात मधला मार्ग धरला. यंत्रातल्या कुलपाला संरक्षण मिळू शकते. पण ते कुलूप गरजेपेक्षा जास्त अडवते का, आणि ते उघडणारी साधने प्रत्यक्षात लोक कशासाठी वापरतात, हे स्थानिक न्यायालयाने तपासावे. अमेरिकेत कायद्याला दर तीन वर्षांनी अपवाद जाहीर करण्याची सोय आहे. २०१० साली मोबाइल फोनला अशी सूट मिळाली, २०१२ साली गेमच्या यंत्रांना ती नाकारली गेली, आणि २०२१ साली त्या यंत्रांतला बिघडलेला चकती-वाचक दुरुस्त करण्यापुरती मिळाली. म्हणजे आपलेच यंत्र दुरुस्त करायला खास परवानगी लागली!

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ‘६५ अ’ हे कलम आले. ‘परिणामकारक’ हा शब्द येथेही आहे आणि त्याची व्याख्या येथेही नाही. पण आपल्या कायद्याने एक मोलाची भर घातली : कुलूप तोडणे हा गुन्हा ठरतो तो हक्कांचा भंग करण्याचा इरादा असेल तरच. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड. कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर तो गुन्हा नाही. मात्र दुसऱ्याला ते उघडून देणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. आणि प्रोग्राम कसा चालतो हे पाहणे, तपासणे, अभ्यासणे यांना तर १९९९ च्या दुरुस्तीपासूनच मोकळीक आहे. इरादा सिद्ध करणे सोपे नसते हे खरे. पण कुतूहलाने झाकण उघडणारा आणि चोरीसाठी उघडणारा यांच्यात कायद्याने फरक केला, हे महत्त्वाचे.

पुन्हा आपला तक्ता

प्रयोगशाळेच्या भिंतीकडे पुन्हा पाहू. ‘छेडछाड करू नये’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात दोन काळज्या असतात : मुलांना इजा होऊ नये आणि उपकरण बिघडू नये. दोन्ही रास्त आहेत. पण सैल शब्दाचा परिणाम असा होतो की धीट मुले नियम धुडकावतात आणि भिडस्त मुले कशालाच हात लावीत नाहीत. विज्ञान शिकण्याच्या दृष्टीने दुसरे नुकसान जास्त मोठे, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर आठवी-नववीच्या वर्गात एक तासिका सहज घेता येईल. नियम फळ्यावर लिहावा. मुलांकडून दहा प्रसंग मागवावेत : तार जोडणे, स्क्रू काढणे, भिंग पुसणे, सेल उलटा घालणे, वगैरे. प्रत्येक प्रसंग गाभ्यातला, पट्ट्यातला की पूर्ण बाहेरचा, हे गटागटाने ठरवावे आणि कारणे लिहावीत. मग नियम कशासाठी आहे हे विचारावे, आणि शेवटी मुलांनाच तो नव्याने लिहायला सांगावा. ‘विद्युतपुरवठा बंद केल्याशिवाय आणि शिक्षकांना सांगितल्याशिवाय कोणतेही उपकरण उघडू नये’ असे काहीतरी हाती येईल. त्यातही पळवाटा सापडतील. मुले त्या शोधतीलच. तेव्हा पुन्हा दुरुस्ती करावी.

नव्या वाक्यात ‘उघडू नये’च्या आधी दोन अटी आहेत. त्या पाळल्या तर उघडायला परवानगी आहे. भिंतीवरच्या जुन्या तक्त्यात ती कोठेच नव्हती.